बस स्टँडमागचा सी चा क्लास: कीबोर्डवरून एक ओळ घ्यायला शिकवतात, बाकी फारसं काही नाही, तरी जा

आमच्या तालुक्याच्या गावी, यवतमाळ जिल्हा, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर एक सर सी लँग्वेजचा, म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायच्या भाषेचा, क्लास घेतात, त्याबद्दल लिहून राहिलो. क्लासचं नाव देत नाही काऊन की पुढे दोन-चार तक्रारी पण आहेत आणि सरांना उगाच त्रास नको. तसाही बोर्ड नाही लावलेला, खाली बियाण्याच्या पिशव्यांचे पोस्टर आहेत, त्यांच्या मधून जिना जातो, कोणालाही विचारा "कॉम्प्युटरवाले सर कुठं बसतात", सांगतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. सी पूर्ण शिकायचं, पॉइंटर, लिंक्ड लिस्ट, फाइल, ग्राफिक्स, प्रोजेक्ट, इंटरव्ह्यूचे प्रश्न, असं सगळं एका उन्हाळ्यात पाहिजे असेल तर हा क्लास तुमचा नाही. या बॅचमधे अर्ध्याहून जास्त वेळ एकाच गोष्टीवर जातो, ती म्हणजे समोरच्या माणसानं कीबोर्डवर जे काय बडवलं ते प्रोग्रामनं नीट, न फुटता, न फसता कसं घ्यायचं. मला पहिले वाटलं याच्यात काय शिकवायचं, स्कॅनएफ (कीबोर्डवरून वाचणारं सी चं तयार फंक्शन) लिहिलं की झालं, आणि बाजूला बसलेल्या पोट्ट्यांना पण तेच वाटत होतं, एक जण तर म्हणे पैसे वापस मागतो. थांबला तो. आता सगळ्यात पुढच्या बाकावर तोच बसते.

सर सुरुवात ज्या प्रोग्रामनं करतात तो आपल्याच भागातला आहे, कापूस मोजणीचा. शेतकऱ्याचं नाव घ्या, गाव घ्या, वजन किती क्विंटल ते घ्या, भाव घ्या, पट्टी छापा. एवढाच. कॉलेजच्या वहीत असतो तसा स्कॅनएफ, परसेंट एस (शब्द वाचायला), परसेंट डी (आकडा वाचायला) वापरून सगळ्यांनी लिहिला, चालवला, एका शब्दाची नावं टाकली, झकास चालला. मग सरांनी नाव टाकलं रामराव देशमुख. झालं. परसेंट एस स्पेसपर्यंतच वाचते, त्यामुळे नावात गेलं रामराव, आणि देशमुख जे उरलं ते थेट गावाच्या खान्यात जाऊन बसलं, गाव विचारलं पण थांबलंच नाही, स्क्रीनवर "गाव टाका" आणि "वजन टाका" एकाला लागून एक. आता बिचारा माणूस वाचते पहिलं वाक्य आणि टाइप करते बोरगाव. प्रोग्राम बसला आहे आकड्याची वाट पाहत. परसेंट डी ला अक्षर दिसलं की ते घेत नाही आणि टाकूनही देत नाही, तिथंच ठेवते, मग लूपमधे असेल तर पुन्हा तेच अक्षर, पुन्हा फेल, पुन्हा तेच, आणि स्क्रीन अशी धावायला लागली की एका काकानं घाबरून स्विचच बंद केला.

हे काका म्हणजे सेवा सहकारी सोसायटीत कारकून होते, रिटायर झालेत, नातवासोबत यायचे आणि नातवापेक्षा जास्त शिकले. सरांनी त्यांना विचारलं, "काका, सोसायटीत कोनी वजन सांगते तं कसं सांगते?" काका म्हणे, "कोनी अडीच म्हणते, कोनी दोन क्विंटल पन्नास किलो म्हणते, कोनी नुसतं पर्ची पुढं करते." सर म्हणे, "मंग प्रोग्रामले हे सगळं येईन हे धरूनच चाला ना, पोरं तं असं लिहितात जसा समोर कोनी देवमाणूस बसला आहे." क्लासचं सगळं सार इथंच आलं बघा, पुढचे सगळे धडे याच्यातूनच निघतात.

आता गेट्स. ज्यांनी आपल्याकडे टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरवर, निळ्या स्क्रीनवर, क्लिअर स्क्रीन आणि गेटसीएच लिहून सी शिकलं त्यांना गेट्स माहीत आहे, स्पेससकट पूर्ण ओळ घेते म्हणून मास्तर लोक तेच सांगतात. अजूनही काही कॉलेजांच्या प्रॅक्टिकलच्या वहीत ते आहे. सर सांगतात की हे फंक्शन सी च्या स्टँडर्डमधूनच, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांतूनच, २०११ साली काढून टाकलं आहे, म्हणजे १९८९ च्या पहिल्या स्टँडर्डमधे होतं, नंतर नापसंत यादीत टाकलं आणि २०११ ला गेलं ते गेलं. का, तर त्याला तुमची जागा किती आहे हे सांगायची सोयच नाही. तुम्ही दहा अक्षरांची जागा ठेवली आणि कोणी शंभर टाइप केले तर ते शंभरच्या शंभर लिहून मोकळं होते, पलीकडे काय होतं याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. आजकालच्या जीसीसी वर लिहून बघा, तो कंपायलर (कोड मशीनला चालेल असा करून देणारा प्रोग्राम) स्वतःच विचारते की तुम्हाला एफगेट्स (जागा किती ते सांगून ओळ घेणारं फंक्शन) म्हणायचं होतं का, आणि २०२४ मधे आलेल्या चौदाव्या व्हर्जनपासून तर वॉर्निंगवर भागत नाही, सरळ एरर देते.

पण सर नुसतं "वापरू नका" म्हणून सोडत नाहीत, करून दाखवतात, आणि माझ्या मते फीचे अर्धे पैसे या एका डेमोतच वसूल होतात. एक स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र ठेवलेल्या खान्यांचा गठ्ठा, केलं, त्यात नावासाठी बारा बाईट (एक बाईट म्हणजे इंग्रजीच्या एका अक्षराची जागा) आणि त्याला चिकटून लगेच वजनाचा आकडा. वजन आधी भरलं, २५ क्विंटल. मग कंपायलरला जुना स्टँडर्ड सांगून गेट्सनं इंग्रजीत नाव घेतलं, मुद्दाम तेरा अक्षरी, शेवटचं अक्षर स्मॉल ए येईल असं. पट्टी छापली तर वजन ९७ क्विंटल! कोणी वजनाला हात लावला नाही, नाव तेवढं एका अक्षरानं लांब झालं. ए चा कोड ९७ असतो, तो बाराच्या बाहेर पडून बाजूच्या वजनाच्या पहिल्या बाईटमधे जाऊन बसला. कोणता एरर नाही, प्रोग्राम बंद पडला नाही, काही नाही. मागून एक जण ओरडला, "सर, हे तं जिनिंगवाल्याले सांगू नका." सर पण हसले, पण मग म्हणे की उलटं पण होऊ शकते, ९७ चे २५ पण होतीन, तेव्हा हसू नाही येनार.

याच डेमोनंतर त्यांनी मॉरिस वर्मची गोष्ट सांगितली. २ नोव्हेंबर १९८८, अमेरिका, रॉबर्ट मॉरिस नावाचा कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी, त्यानं एक प्रोग्राम सोडला जो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपोआप पसरत गेला. त्याचे शिरायचे रस्ते दोन-तीन होते, त्यातला एक म्हणजे फिंगर नावाची सर्व्हिस, जी बाहेरून आलेली ओळ ५१२ बाईटच्या बफरमधे (वाचलेलं ठेवायच्या जागेत) घेत होती, आणि घेत होती कशानं, तर गेट्सनं. त्यानं ५१२ पेक्षा मोठी ओळ पाठवली, आणि जास्तीचे बाईट असे निवडले की फंक्शन संपल्यावर मशीन परत जायच्या ऐवजी त्यानं पाठवलेलाच कोड चालवायला लागेल. म्हणजे आपल्या डेमोत वजन बदललं, तिथं घरी परत जायचा पत्ता बदलला, एवढाच फरक. हे ऐकल्यावर क्लासमधे जरा शांतता झाली, मग लाइट गेली म्हणून पुन्हा गोंधळ.

लाइटचं सांगून घेतो मधेच. लाइट जाते, रोज जाते, इन्व्हर्टर आहे पण तो मशीनांसाठी, कुलरसाठी नाही. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या छताखाली पंचेचाळीस डिग्रीत बसून सेगमेंटेशन फॉल्ट (भलत्याच जागेला हात लावून प्रोग्राम का पडला ते) शोधायचा म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच समजेल. मशीन सगळे जुने आहेत, सेकंडहँड, पण लिनक्स टाकलेलं आहे आणि नीट चालतात. दोन कीबोर्डची स्पेसबार अडकते. पिण्याचं पाणी आहे, माठातलं, थंड. जिना उभा आहे आणि कठडा नाही, म्हाताऱ्या माणसांनी जपून.

आता मेन मुद्दा, एफगेट्स. बाकी ठिकाणी काय शिकवतात, गेट्स वाईट, एफगेट्स चांगलं, लिहून घ्या. इथं एफगेट्सचीच चिरफाड करतात. त्याला जागा किती ते सांगायचं, तो त्यापेक्षा एक कमी बाईट वाचतो, काऊन की शेवटी, मजकूर संपल्याची खूण म्हणून, शून्याचं बाईट ठेवायला एक जागा लागते, आणि एंटर दाबल्याची खूण, न्यूलाइन, ती पण सोबत आणून देतो. म्हणून नाव छापलं की खाली एक रिकामी ओळ येते आणि नावाची तुलना केली तर जुळत नाही. ही न्यूलाइन काढायला बहुतेक लोक लांबी मोजून त्यातून एक वजा करतात आणि तिथं शून्य टाकतात. सर म्हणे यात दोन गोची. एक, ओळ मोठी असेल तर शेवटचं अक्षर न्यूलाइन नसतेच, मग नावाचं खरं अक्षर कापलं जाते. दोन, चुकून पहिलंच बाईट शून्य आलं तर लांबी शून्य, त्यातून एक वजा, मग तुम्ही कुठं लिहून राहिले देवाला माहीत. त्यापेक्षा स्ट्रसीस्पॅन घ्या, ते न्यूलाइन कुठं आहे ते शोधून देते आणि नसेल तर शेवटच्या शून्याचा नंबर देते, दोन्हीकडे सेफ. त्यात सोबत कॅरेज रिटर्न पण शोधायला सांगा म्हणतात, काऊन की विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर वाचली की ओळीच्या शेवटी ते एक जास्तीचं चिकटून येते, दिसत नाही, पण गावाचं नाव काही केल्या जुळत नाही.

आणि ओळ मोठी असली तर? इथं सर सगळ्यात जास्त तापतात. एफगेट्स तुमच्या जागेपुरतं वाचते आणि बाकीचं तिथंच ठेवते, म्हणजे नाव लांब असलं तर उरलेलं पुढच्या प्रश्नाचं उत्तर होऊन जाते, पुन्हा तेच रामराव देशमुखचं प्रकरण, फक्त जरा उशिरा. म्हणून न्यूलाइन सापडली नाही तर समजायचं की ओळ अर्धवट आहे, गेटचारनं (एकेक अक्षर वाचणारं फंक्शन) न्यूलाइन येईपर्यंत किंवा इनपुट संपेपर्यंत उरलेलं वाचून फेकायचं, आणि माणसाला सांगायचं की बाप्पा, लांब झालं, पुन्हा टाका. गुपचूप कापायचं नाही. "सातबाऱ्यावर नाव अर्धं आलं तं तलाठ्याकडे किती चकरा माराव्या लागतात मालूम आहे ना तुमाले," हे सरांचं वाक्य. याला एक अपवाद त्यांनी लगेच सांगितला, फाइलच्या शेवटच्या ओळीला कधीकधी न्यूलाइन नसतेच, ती ओळ पूर्णच असते, तिला लांब म्हणून हाकलायचं नाही, म्हणून इनपुट संपलं का ते पण तपासायचं.

इनपुट संपणं हा विषय तर मी आधी कधी ऐकलाच नव्हता. लिनक्सवर कंट्रोल डी, विंडोजवर कंट्रोल झेड आणि एंटर, किंवा फाइलमधून वाचत असलो तर फाइल संपते. तेव्हा एफगेट्स नल, म्हणजे काही मिळालं नाही अशी खूण, देते, आणि ते तपासलं नाही तर बफरमधे मागची ओळ तशीच पडलेली असते, प्रोग्राम तिलाच नवीन समजून पुन्हा पुन्हा पट्टी छापत बसते. बचत गटाच्या एक ताई होत्या बॅचमधे, त्यांच्या गटाचा हप्त्याचा हिशोब त्या सी मधे लिहून राहिल्या होत्या, त्यांचा प्रोग्राम सरांनी कंट्रोल डी दाबून असा पळवला की एकाच बाईच्या नावावर हप्ते पडतच राहिले. ताई म्हणे, "सर, थांबवा ना, तिचं कर्ज फिटून वर व्याज लागून राहिलं."

गेटचारबद्दल अजून एक. त्याचं उत्तर कॅरेक्टरमधे (एका बाईटच्या खान्यात) नाही, इंटमधे (पूर्ण आकड्याच्या मोठ्या खान्यात) घ्यायचं. हे पुस्तकात असते पण का ते कोणी सांगत नाही. सरांकडे एक रास्पबेरी पाय आहे, छोटुसा बोर्ड, त्यावर तोच प्रोग्राम चालवून दाखवला. आपल्या पीसीवर कॅरेक्टरला निगेटिव्ह चालते म्हणून इनपुट संपल्याची खूण, जी सहसा वजा एक असते, ती कशीबशी ओळखली जाते. पायवर कॅरेक्टरला निगेटिव्ह नाहीच, त्यामुळे ती खूण कधी जुळतच नाही आणि लूप थांबतच नाही. तोच कोड, इथं चालते, तिथं अडकते.

आकड्यांचा भाग मला सगळ्यात आवडला, आणि मी इथं जरा जास्त लिहिणार आहे. सरांचा नियम आहे की आकडा पण पहिले ओळ म्हणूनच घ्यायचा, मग त्याचा आकडा करायचा. स्कॅनएफ आणि एफगेट्स एकाच प्रोग्राममधे मिसळले की वजनानंतर दाबलेला एंटर मागे राहते, पुढचं एफगेट्स तेवढा एंटर घेऊन मोकळं होते आणि नाव विचारलंच नाही असं वाटते. आपल्याकडे याच्यावर उपाय म्हणून सर्रास एफफ्लश एसटीडीइन, म्हणजे मागे राहिलेलं इनपुट झटकून टाक, असं शिकवतात. स्टँडर्डप्रमाणे तसं केल्यावर काय होईल याची काहीच गॅरंटी नाही, एका मशीनवर चालते, दुसऱ्यावर काहीच करत नाही. सगळंच ओळीनं घेतलं की हा झगडाच मिटते.

ओळीचा आकडा करायला लोक एटूआय वापरतात. त्याला बारा किलो असं दिलं तर बारा देते, अडीच दिलं तर शून्य देते, आणि शून्य दिलं तरी शून्यच देते, म्हणजे माणसानं शून्य म्हटलं की काहीतरी भलतंच म्हटलं हे कळायला मार्ग नाही. म्हणून स्ट्रटोल. ते आकडा कुठं संपला तो पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) देते. तो पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर आकडा नव्हताच, पुढे काही शिल्लक असेल तर कचरा आहे, आणि एररनंबर (चूक झाली तर जिथं तिचा नंबर येते तो खाना) आधी शून्य करून ठेवला असेल तर आकडा मावला की नाही ते पण समजते. त्याला बेस १० सांगायचा, शून्य नाही. शून्य सांगितलं तर पुढं शून्य लावलेला आकडा तो ऑक्टल, म्हणजे दहाच्या ऐवजी आठाच्या पद्धतीतला, समजते, ०१० चे आठ होतात. काका लगेच म्हणे की सोसायटीच्या रजिस्टरमधे आम्ही सगळे नंबर शून्य लावूनच लिहायचो. बघा म्हणजे.

दशांशासाठी स्ट्रटोड. यात जी मजा झाली ती अशी की एका पोट्ट्यानं, तोच पैसे वापस मागणारा, वजनाच्या जागी इंग्रजीत इन्फ टाइप केलं. सगळ्यांना वाटलं एरर येईल. नाही. स्ट्रटोडला ते चालते, त्याचा अर्थ अनंत. अनंत क्विंटल कापूस, भावानं गुणला तर चुकारा पण अनंत. म्हणून मर्यादा तपासा, शून्यापेक्षा कमी किंवा पाचशेपेक्षा जास्त असेल तर नाही म्हणा, असं आम्ही लिहिलं. मग सरांनी नॅन टाइप केलं, ते पण स्ट्रटोड घेते, म्हणजे आकडाच नाही असा आकडा, आणि तो आमच्या तपासणीतून सुमडीत निघून गेला! काऊन की नॅन हा शून्यापेक्षा कमी आहे का, नाही. पाचशेपेक्षा जास्त आहे का, नाही. दोन्हीकडून नाही, म्हणजे पास. प्रश्न उलटा विचारायचा, वजन शून्यापेक्षा जास्त आणि पाचशेपर्यंत आहे का, होय असेल तरच घ्या, तिथं नॅन अडकते. हा एक धडा मी कुठल्याच क्लासमधे, कुठल्याच व्हिडिओत पाहिला नव्हता.

मराठी आकडे, म्हणजे १२ असे देवनागरीत टाकले तर स्ट्रटोल एकही घेत नाही, त्याला इंग्रजीच आकडे कळतात, ते पाहिजे असतील तर स्वतः बदलून द्यावे लागतात.

आणि मराठीचा विषय निघालाच तर. यूटीएफ आठ मधे (अक्षरं बाईटमधे साठवायची पद्धत) देवनागरीचं एक एक चिन्ह तीन बाईट खाते, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजायचे. सरांनी वीस बाईटचं बफर ठेवलं आणि जिल्ह्याचं नाव विचारलं. यवतमाळ टाकलं, सहा चिन्हं, अठरा बाईट, एक न्यूलाइन, एक शून्य, बरोब्बर वीस, एकदम फिट, सगळे खूश. मग अमरावतीच्या बाजूच्या एकानं अमरावती टाकलं. सात चिन्हं, एकवीस बाईट. एफगेट्सनं एकोणीस घेतले, म्हणजे अमरावत पूर्ण आणि शेवटच्या वेलांटीचा तीनपैकी एक बाईट, स्क्रीनवर अमरावत आणि पुढं चौकोन का प्रश्नचिन्ह काहीतरी, आणि राहिलेले दोन बाईट पुढच्या प्रश्नात. चिन्हाच्या मधे कापलं गेलं का ते ओळखता येते, मधल्या बाईटचे वरचे दोन बिट एक-शून्य असतात, तिथून मागे सरकत जायचं. पण सर म्हणे तेवढ्यानं भागत नाही, चिन्ह पूर्ण कापलं तरी अमरावतीचं अमरावत झालंच ना. म्हणून बफर मोठंच ठेवा आणि तरी नाही मावलं तर पुन्हा विचारा. २५६ बाईटमधे मराठीचे साधारण ८४ चिन्हं बसतात, नावासाठी बस झालं. इंग्रजी पुस्तकांमधे अर्थातच हा प्रकार सापडत नाही, त्यांचं एक अक्षर एका बाईटात उरकते.

गेटलाइन पण शिकवलं, पण घाईत. ते स्वतःच जागा घेते, लागेल तशी वाढवते, पॉझिक्समधे (युनिक्स-लिनक्सचं स्टँडर्ड) २००८ पासून आहे, लिनक्सवर मस्त, शेवटी ती जागा फ्री करायचं, म्हणजे परत द्यायचं, तेवढं लक्षात ठेवायचं, वाचणं फेल झालं तरी. पण सी च्या मूळ स्टँडर्डमधे ते नव्हतं, सगळ्या कंपायलरवर मिळत नाही, आणि समोरच्यानं एंटर न दाबता पाठवतच राहिलं तर ते मेमरी घेतच राहते. सरांना ते फारसं आवडत नाही हे दिसून येते. माझ्या मते इथं त्यांनी अजून वेळ द्यायला पाहिजे होता, काऊन की लिनक्सवर काम करणारा माणूस शेवटी तेच वापरणार.

शेवटच्या हप्त्यात हे सगळं एका फंक्शनमधे टाकायला लावतात, ज्याला बफर आणि त्याची साइज दोन्ही द्यायची. साइज वेगळी का, तर फंक्शनच्या आत गेल्यावर अ‍ॅरेचा पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता, होतो आणि साइझऑफनं साइज विचारली की बफरच्या २५६ च्या ऐवजी पत्त्याची ८ येते, यात अर्धा क्लास फसला. फंक्शन तीनच उत्तरं देते, ओळ मिळाली, ओळ लांब होती, इनपुट संपलं. बस. पुढचे सगळे प्रोग्राम त्याच्यावर. आणि घेतलेलं नाव छापताना ते प्रिंटएफला (छापणारं फंक्शन) पहिल्या जागी कधीच द्यायचं नाही, परसेंट एस च्या मागे द्यायचं, नाहीतर कोणी नावातच परसेंट एन किंवा परसेंट एक्स टाइप केलं तर प्रिंटएफ ते हुकूम समजून पाळते.

रोज शेवटचा अर्धा तास पाडापाडीचा. तुम्ही बाजूच्याच्या मशीनवर बसायचं आणि त्याचा प्रोग्राम फक्त टाइप करून पाडायचा. कोड बघायचा नाही. इमोजी टाका, नुसते एंटर मारा, हजार अक्षरं चिकटवा, उणे वजन टाका. ज्याचा पडला नाही त्याला सर खालून आलूबोंडा मागवतात. त्या अर्ध्या तासात पोट्टे जेवढे शिकतात तेवढे बाकीच्या दीड तासात नाही शिकत. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल करायची सवय पण तिथंच लागली, ते ज्या ओळीत जागेच्या बाहेर गेलं ती ओळच दाखवते, नुसतं पडून राहत नाही.

तक्रारी. सर उशिरा येतात, पाऊस असला तर येतच नाहीत आणि कळवत नाहीत, बाहेरगावचे लोक एसटीनं येऊन जिन्यावर बसून राहतात. नोट्स देत नाहीत, फळ्यावरून उतरवा, फळा पुसायची त्यांना फार घाई. शिकवताना जे समजलं नाही ते विचारलं तर आधी रागावतात मग समजावतात, लहान पोरींना हे जड जाते, एकीनं याच कारणानं मधेच सोडलं आणि ती हुशार होती. फी एकदम घेतात, हप्ता नाही, मजुरी करणाऱ्या घरच्या पोराला ते कठीण आहे, सरांनी याचा विचार करावा. आणि टर्बो सी बद्दल इतकं वाईट बोलतात की ज्या पोरांची कॉलेजची परीक्षाच त्याच्यावर आहे त्यांनी काय करायचं ते सांगत नाहीत. हां, एक सांगितलं, तिथं इंट दोनच बाईटचा असते, ३२७६७ च्या वर जात नाही, चाळीस हजार किलो टाकले की उणे २५५३६ दिसतात, परीक्षेत लाँग (मोठ्या आकड्याचा प्रकार) वापरा.

शहरातल्या एका मोठ्या क्लासमधून शिकून आलेला एक जण होता, त्याच्याकडे रंगीत नोट्स होत्या, सर्टिफिकेट होतं, पाडापाडीत त्याचा प्रोग्राम नुसत्या एका एंटरनं पडला. त्याच्यावर हसण्यासाठी नाही सांगत, पोरगं मेहनती आहे, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पाचपैकी चार देतो. बॅच दोन, एक उन्हाळ्यात, एक दिवाळीनंतर, पण कापूस वेचणी जोरात असली की दुसरी बॅच पुढं ढकलतात, आधी खाली कृषी केंद्रात विचारून घ्या. संध्याकाळची वेळ आहे, पुसदकडची शेवटची गाडी धरायची असेल त्यांनी सरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, ते लवकर सोडतात. घरी लॅपटॉप असेल तर घेऊन जा, चार्जर पण, प्लग कमी आहेत. सर्टिफिकेट मिळते का असं मला बरेच जण विचारून राहिले म्हणून लिहितो, नाही मिळत, मी मागितलं होतं, सर म्हणे प्रोग्राम घेऊन जा आणि ज्याले दाखवायचा त्याले त्यावर टाइप करू द्या.